तेहतीस मण्यांचा उजेड

रविवार, २ ऑगस्ट
नवी वही. आजपासून कमी बोलणे. चहात साखर अर्धी. लखदरशी वाद नाही.

लखदर जेवायला आला होता. खेईराचा, म्हणजे बायकोचा, धाकटा भाऊ. नवी गाडी घेतल्यापासून हा मान वळवत नाही, अख्खा वळतो. जाताना मला मुद्दाम गाडीत बसवलं आणि दार लावलं. आतला दिवा पटकन विझला नाही. मंद, मंद, मंद, मग गेला. "बघितलंत का दाजी? थिएटरसारखं. आपल्या रोफैदाला लग्नात यातूनच नेऊ."

दिवा विझेपर्यंत मी तसबीहच्या माळेचे मणी मोजले. अकरा. अकरा म्हणजे काहीच नाही.

रोफैदा माझी नात, मला जद्दी म्हणते, म्हणजे आजोबा. मुलगा गेल्यापासून मीच वाढवलेली. रिवाजाप्रमाणे ती माझ्या हाताखालून उंबरा ओलांडणार आणि माझ्या गाडीत बसणार, हे ती पहिलीत असतानाच ठरलंय. वाद घातला नाही. फक्त तीनदा सांगितलं.

सोमवार, ३ ऑगस्ट
तसा दिवा मी स्वतः बनवणार. लखदरचा काही संबंध नाही.

कारण वेगळं आहे. माझ्या गाडीत दार लागलं की गुडुप अंधार. रोफैदा लहान असताना तिला बसवून दार लावायचो, आणि वळसा घालून माझ्या बाजूला येईपर्यंत ती आत रडून घर डोक्यावर घ्यायची. आता गुडघ्यामुळे तो वळसा लांबलाय. आज मोजला. तेहतीस मणी. दिवा तेहतीस मणी टिकला पाहिजे.

शाळा पाचवीपर्यंत, पण मोस्तगानेमच्या बंदरात चाळीस वर्षं दिवे बदललेत. बुधवारपर्यंत होऊन जाईल.

बुधवार, ५ ऑगस्ट
गल्लीतल्या बशीर रेडिओवाल्याने सिगरेटच्या पाकिटामागे सर्किट काढून दिलं. एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर, दोन बारके रेझिस्टर, दाराच्या बटणाला दोन वायरी. दार लागलं की कपॅसिटर हळूहळू भरतो. तो भरेपर्यंत ट्रान्झिस्टर दिव्याला सोडत नाही. सोपं आहे. म्हणाला, "हाजी, मी करून देऊ का? दहा मिनिटांचं काम." मी म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

शेवटी प्लस-मायनसबद्दल काहीतरी सांगत होता. मी मान हलवण्यात गुंतलो होतो.

गुरुवार, ६ ऑगस्ट. सकाळी ११
कपॅसिटर फुटला. माल खराब असणार. भुवई थोडी गेली. खेईरा स्वयंपाकघरातून ओरडली, "काय तळताय?"

११.३०
भुवई उजवी.

शनिवार, ८ ऑगस्ट
दुसरा कपॅसिटर उलटा लावला, म्हणजे सुलटा. फुटला नाही. प्रगती.

अडचण अशी की दिवसा उजेडात मंद दिवा दिसत नाही, आणि रात्री माझी झोप मोडली तर दुसरा दिवस वाया जातो. तोडगा काढला. गाडीवर दोन लोकरी ब्लँकेटं घातली आणि आत जाऊन बसलो. ऑगस्टात. घाम इतका की मणी बोटातून निसटतात.

बशीर जाता जाता थांबला. ब्लँकेटवर हात ठेवून म्हणाला, "फार चांगली गाडी होती हो. दफन कधी?" आतून ओरडलो, जिवंत आहे! तो दोन पावलं मागे सरकला म्हणे.

मंगळवार, ११ ऑगस्ट
जमलं! तेहतीस मणी!! लखदरच्या तिप्पट!

खेईराला आत बसवून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचे मणी पळतायत. लखदरच्या गाडीत एकेका मण्यावर विसावा घेत होतात." बायकांना शास्त्र कळत नाही. तरी खबरदारी म्हणून आणखी तीन कपॅसिटर जोडले.

आता दिवा पूर्ण विझत नाही. शेवटी राखेतल्या निखाऱ्याएवढा लाल राहतो. लखदरच्या दिव्यात ही नजाकत नाही. ट्रान्झिस्टर सारखा कोमट असतो. तब्येत ठणठणीत असल्याची खूण.

शुक्रवार, १४ ऑगस्ट
उतारावरून गाडी ढकलत फाटकापर्यंत आणली. इंजिन लावलंच नाही. आता थेट लग्नादिवशी लावायचं. खेईरा म्हणाली, एकदा सुरू करून बघा. मी म्हटलं, विश्रांती घेतलेली गाडी ताजी राहते. निखारा आत तेवतोय. अधूनमधून जाऊन बघतो.

सोमवार, १७ ऑगस्ट
खेईरा भाजी निवडता निवडता म्हणाली, "वरात दुपारी चारला निघणार."

दुपारी. चारला. ऑगस्टात.

पंधरा दिवसांत मला हे कुणीही सांगितलं नाही. ती म्हणते पत्रिकेवर छापलंय. आणि म्हणते, "नवरीच्या डोक्यावर बुरनूसच्या झग्याची टोपी हनुवटीपर्यंत ओढलेली असते. तुमचा दिवा बघणार कोण?" मी तडक बाहेर गेलो. तत्त्वाचा प्रश्न होता.

संध्याकाळी तोडगा सापडला. ब्लँकेटं. सगळ्या काचांना आतून. पुढच्या काचेचं तेवढं निघताना ओढून काढायचं.

बुधवार, १९ ऑगस्ट
लखदर सगळ्यांसमोर म्हणाला, नवरी त्या ब्लँकेटच्या गाठोड्यात जाणार असेल तर लोक काय म्हणतील? रोफैदा म्हणाली, "मामाआजोबा, मी जद्दींच्याच गाडीत बसणार." बस. विषय संपला. लखदर अख्खा वळून गेला.

नंतर ती चाचणीला आली. बसवलं, दार लावलं, वळसा घालून आत आलो. दिवा होता! ती हसली, "जद्दी, पोचलात की!"

दिवा जरा पिवळा वाटला. डोळे तपासून घेतले पाहिजेत.

गुरुवार, २० ऑगस्ट. दुपारी ३.४०
सगळं तयार. रिबिनी, फुलं, ब्लँकेटं. मन शांत. तीनदा लघवीला जाऊन आलो.

रात्री
क्रमाने लिहितो.

रोफैदा पांढऱ्या बुरनूसमध्ये माझ्या हाताखालून बाहेर पडली. तिला बसवलं. मग एकेक आत्या, मावशी, शेजारीण येऊन दार उघडून तिला मुके देऊ लागली. कुणी दार लावेना. मी बघत होतो. आणि तेवढ्यात, दार उघडं असतानाच, दिवा आपोआप मंद होऊ लागला. इतका हळू, इतका सुरेख! उभ्या जन्मात असा मंद होणारा दिवा पाहिला नव्हता. मी लखदरला कोपराने ढोसलं. बघ म्हटलं, अकरा मणी म्हणे!

पुढच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. मीही आत बसून दाबला. तोही मंद झाला.

मग किल्ली फिरवली. गाडी एकदा खाकरली आणि गप्प. बशीर उघड्या दारातून आत डोकावला. "हाजी, तो निखारा किती दिवस जळतोय?" नऊ, म्हटलं. त्याने डोळे मिटून घेतले.

लखदर नवी गाडी मागे घेऊन आला आणि दार उघडून उभा राहिला. पण आत्याबाई गरजली, गाडीत बसलेली नवरी सासरच्या दारापर्यंत खाली उतरत नाही. लखदरने माझ्याकडे बघितलं. मग डिकीतून दोर काढला. खरं सांगायचं तर एकही टोमणा मारला नाही. फार लागलं.

मी उतरून तिचं दार लावलं. आत मिट्ट काळोख, ब्लँकेटांमुळे. मी वळसा घालायला निघालो. गुडघा, रिबिनी, शेजारणीची पोरं. अर्ध्यात ऐकू आलं. रडणं नव्हे. ती आतून मोठ्याने मोजत होती. "एकवीस, बावीस, तेवीस…" मी आत बसलो तेव्हा एकतीस. म्हणाली, "दोन मणी आधी आलात, जद्दी."

डोळ्यात ब्लँकेटची लोकर गेली.

अख्ख्या गावातून लखदरच्या मागे दोराने बांधून गेलो. निम्मी माणसं रिबिनी बघून टाळ्या वाजवत होती. निम्मी ब्लँकेटं बघून मयतासाठी फातिहा पढत होती. पण नियमाने पाहिलं तर नवरी माझ्याच गाडीतून सासरी पोचली. लखदरने फक्त रस्ता दाखवला.

शनिवार, २२ ऑगस्ट
पहिला रोजा. डोकं जड.

लखदर बॅटरी चार्ज करून घेऊन आला, स्वतः बसवून दिली. लखदरशी वाद नाही, हा संकल्प पूर्ण पाळला गेला आहे.

दुपारी गाडीत दिवा लावून पाहिला. ब्लँकेटं अजून काढलेली नाहीत. सवयीने तिच्या बाजूचं दार लावलं, वळसा घालून माझ्या बाजूला आलो, बसलो. पस्तीस मणी. दिवा होता. पलीकडची सीट रिकामी.

बराच वेळ बसलो. विझला नाही.

खेईरा काचेवर टकटक करून म्हणाली, वायरी तोडा, नाहीतर बॅटरी पुन्हा जाईल. बरोबर आहे तिचं. उद्या तोडणार. नक्की.