शीतलचं वाक्य

४ फेब्रुवारी
दहावीची बॅच. पुन्हा सिंपल पास्ट आणि प्रेझेंट परफेक्ट. 'येस्टरडे' दिसलं तरी 'हॅव' घालतातच. कधी झालं ते सांगितलं की साधा भूतकाळ, हे किती वेळा सांगायचं? पालथ्या घड्यावर पाणी. उद्यापासून प्रत्येकानं काल घरी काय झालं त्याचं एक वाक्य बोलायचं. खरं. गाईडमधलं नको.

६ फेब्रु.
म्हैस व्याली, मोसंबीला पाणी दिलं, मोटार जळली. मग शीतल उठली, बॅचमधली सगळ्यात हुशार. "येस्टरडे पीपल हॅव कम टू सी मी." तिच्याकडून ही चूक! डोकंच सणकलं. केम म्हण, केम. तिनं केम घालून पुन्हा म्हटलं. बस, पुढचा.

१० फेब्रु.
शीतल त्या दिवसापासून आलीच नाही. फोन बंद. तिची मैत्रीण म्हणाली, "तिचं लग्न जमलं मॅडम. आष्टीकडचे पाव्हणे पाह्यला येऊन गेल्ते."
भांडी घासताना हात थांबले. पोरीनं मला सांगितलं होतं. भर वर्गात, मला एकटीलाच कळेल असं. आणि मी तिचं हॅव खोडत बसले. सोळा पूर्ण नाहीत अजून. लाज वाटते स्वतःची.

११ फेब्रु.
तिच्या घरी गेले. बाप बोलायला गोड. स्थळ सोडवत नाही म्हणे, पेपर सासरहूनही देता येतील. आई खालमानेनं गहू निवडत होती. शीतल मला वाटेला लावायला आली. आधी नीट का नाही सांगितलंस, विचारलं.
"दोनदा सांगितलं व्हतं, मॅडम."
रागानं नाही म्हणाली. तेच सहन होत नाही.

१२ फेब्रु.
ह्यांना सांगितलं, मुलांच्या हेल्पलाइनला फोन करते. ह्यांचं एकच: "आपल्याला तीर्थपुरीतच राह्यचंय. बॅच बंद पडंल, मंग?" सासूबाईंचं स्वतःचं लग्न न कळत्या वयात झालेलं. वाटलं, त्या तरी बोलतील. भाकरी थापत राहिल्या. त्यांचाच जास्त राग आला.

१३ फेब्रु.
केला फोन. मुलीचं नाव, गाव, हळदीची तारीख. तिकडच्या बाईंनी माझंही नाव विचारलं, गुप्त ठेवू म्हणाल्या. इथं काय गुप्त राहतंय? तरी सांगितलं.

१५ फेब्रु.
बॅचला दोघीच. बाकीच्यांना घरून मनाई असणार. 
शीतलच्या दारात मांडव पडलाय. उद्या हळद. पुन्हा फोन लावला, माणसं पाठवतो म्हणाले. संध्याकाळी राहवेना, तिच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. एक जीप आली. वाटलं, आली हेल्पलाइनची माणसं. उतरले ते आष्टीचे पाव्हणे, साड्यांच्या पिशव्या घेऊन. शीतल दारात आली. आधी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.