आक्काला 'अमान्य' म्हणणारं कुलूप

ती. लखमादाजींना धसईहून नवसूचा रामराम.

दाजी, गुडघा काय म्हणतो? गाय व्याली का? आमच्याकडे सगळं बरं आहे, नव्या घराचं दार सोडून. त्या दाराच्या कुलपावर दुकानात किंमत लिहिली होती ती वेगळी. मला ते पडलं असं: शहापूरच्या दोन खेपा, ऐन हंगामात भट्टीवरचा खाडा, भागीरथीचा अबोला (बायकोचा अबोला मी जमेला धरतो) आणि एक आक्का. शेवटची रक्कम झेपणारी नाही, म्हणून कागद हाती घेतला. फोनच केला असता, पण तुमचा फोन आक्का उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवते.

खरं सांगतो, मी शहापूरला गेलो होतो साधी कडी आणि दणकट कुलूप आणायला. दुकानदाराने कुलपांची भिंतच दाखवली. कुठलं नंबर दाबून उघडतं, कुठलं बोट टेकवून, कुठलं फोनवरून. मी नुसता बघत होतो, तेवढ्यात तो नोकराच्या कानाशी लागला, "यांना साधंच दाखव, भारीतलं यांना झेपायचं नाय." दाजी, माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. विटेवर वीट आपटली की भाजलेली की कच्ची, ते मी पाठमोरा सांगतो. दुसऱ्याच्या भट्टीवर विटा वाहणारा माणूस या कानांच्या जोरावर स्वतःच्या भट्टीचा धनी झाला. दुकानदाराला वाटलं मला ऐकू गेलं नाही. मी सगळ्यात भारी कुलूप उचललं आणि त्याचं नाक कापून आलो.

ते बसवल्यावर कळलं, की ते माझं बोट घेत नाही. अंगठा झाला, करंगळी झाली, डावा हात झाला. जन्मभर विटा उचलून बोटं गुळगुळीत झालेली. माझे ठसे अर्ध्या तालुक्याच्या भिंतींत गेले, कुलपाला द्यायला उरलेच नाहीत. भागीरथीची बोटं भाताच्या लावणीने झिजलेली. घेतलं ते एकट्या दिपेशचं (चिरंजीव कल्याणला ऑफिसात बसतात, बोटं लोण्यासारखी). म्हणजे मला माझ्या घरात शिरायचं, तर कल्याणहून त्याच्या फोनवरून हुकूम सुटावा लागतो. वर दार आपोआप लागतं. आपल्याकडे दिवसाउजेडी दार लागतं ते घरात कोणी वारलं तर, नाहीतर भाऊबंदकी पेटली तर. भागीरथी म्हणाली, "तिन्हीसांजेला लक्ष्मी आली तर तीपन दिपेशलाच फोन लावनार काय?" त्यानंतर ती बोलली नाही.

अशा दाराशी परवा भर दुपारी आक्का आली. मी आत रंग बघत होतो. तिला वाटलं ती काळी चकती म्हणजे घंटी. तिने दाबली. कुलपात एक बाई बोलते (हिंदीतून, आणि फार तोऱ्यात), "अमान्य. कृपया फिर से प्रयास करें."

आक्का म्हणाली, "कोन गो तू? नवसूला बोलाव."

"अमान्य."

"माज्या भावाच्या घरात मला अमान्य म्हननारी तू कोन? आमी याला कडेवर वाढवलाय!"

असं पाच वेळा झालं. पाचव्याला कुलूप बोंबलायला लागलं. एकदा बोंबललं की ते आतूनही उघडत नाही, कल्याणहूनच शांत करावं लागतं, आणि दिपेश मीटिंगमध्ये. मी आतून ओरडत होतो, "आक्का, थांब!" पण त्या बोंबेपुढे माझं कोण ऐकतो? मागच्या दाराची आतली कडी काढायला धावलो, तर स्वयंपाकघरात त्याच दिवशी लाद्या बसवलेल्या. घोटाभर सिमेंट घेऊन पुढे आलो तोवर आक्का वैशाखऱ्याच्या भाड्याच्या जीपमध्ये. शेजारची बाईजा दारात उभी. म्हणे, "बहिनीला हाकलायला बाई ठेवलीस, असं बोलून गेली." माझ्यासाठी आणलेल्या वालाच्या शेंगा आक्का तिलाच देऊन गेली. संध्याकाळी बाईजाने त्यांची वाटीभर भाजी आम्हाला पाठवली. गिळवली नाही, दाजी.

सोमवारी घरभरणी आहे. आमच्यात नव्या घरात पाण्याची पहिली कळशी बहिणीच्या डोक्यावरून येते. आक्का आली नाही, तर मी त्या घरात पाणी पिणार नाही. तिला समजावा, आत बाई नाही, कुलूप आहे.

तुमचा (अजून तरी) मेहुणा,
नवसू

ता. क. सुताराकडून दार बिजागऱ्यांतून उतरवून पडवीत आडवं ठेवलंय. आक्का आत येईपर्यंत चौकट उघडी राहील. कोंबडी वरून चालली की पडल्या पडल्याही ते 'अमान्य' म्हणतं.

आणखी ता. क. दाजींना बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा आक्का, हे तूच वाचत असशील. ये गो. शेंगा नको आणूस, नुसती ये.

राहिलंच. आमच्या आळीत आणखी तिघांकडे तेच कुलूप निघालं. तो दुकानदार येईल त्या गिऱ्हाइकामागे तेच कुजबुजतो.