उस्तादांसमोर ढिली केलेली पट्टी

मंगळवार, कार्तिक वद्य पंचमी, परभणी

आज मी गॅरेजात उस्तादांसमोर त्यांनीच आवळलेली पट्टी ढिली केली! अजून खरं वाटत न्हाई.

पेडगावच्या पाटलांची कापसाची लॉरी. धुराच्या नळीच्या सांध्यातून ठिणग्या उडायल्या, म्हणून जिनिंगवाल्यांनी फाटकातच अडवली. लढाईमुळं सांध्यावर आवळायची नवी पट्टी मिळत न्हाई. उस्ताद तीन दिवस जुनीच आवळायलेत, अन् सांधा पुन्हा काळा. पण काजळी फक्त वरच्या अंगाला. पट्टी सैल असती तर काजळी चौफेर नसती का आली?

खाली सरपटून बघितलं. नळी टांगायचा मागचा पत्रा तुटलेला, नळी लोंबलेली. वाकड्या सांध्याला कितीबी आवळा, काय व्हणार?

पण शागिर्दीच्या आठ वर्षांत मी उस्तादांच्या कामाला हात लावलेला न्हाई. शेवटी धीर केला.

"उस्ताद, जरा ढिली करून बघू का?"

"येडा झाला का? कर. ठिणगी उडाली तर जिम्मा तुझा."

पट्टी सोडली, नळी तारेनं वर टांगली, दोन्ही तोंडं सरळ जुळवली, काजळी खरवडली. मगच आवळलं.

लॉरी जिनिंगला माल टाकून संध्याकाळी परत आली. उस्तादांनी कंदील धरून सांधा वरून-खालून बघितला. काजळी न्हाई. मी लॉरीखाली पडून शाबासकीची वाट बघायलो, तर ते माझ्या शेजारी मातीत आडवे झाले.

"पट्टी परत ढिली कर," म्हणाले. "कसं केलंस, दाव मला."