सतरा फ्लॉप्या आणि मुस्कानची ओढणी

कोल्हापूर, ३ नोव्हेंबर २०२५

ती. दिलदारमामांस नौमानचा सलाम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तौसीफच्या दुधाच्या गाडीतून पत्र धाडतो. तुमच्या नक्षीच्या सतरा फ्लॉप्या सुखरूप पोहोचल्या. निकाहच्या ओढणीला मामांचीच वेल हवी, असा आपल्या मुस्कानचा हट्ट आहे आणि निकाह सोळा तारखेला. तुम्ही चालवायचात ते कारखान्यातलं जुनं भरतकामाचं मशीन फ्लॉपीशिवाय काही खात नाही, आणि फ्लॉप्या म्हाताऱ्या. म्हणून प्रत्येकीची डिस्क इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, लॅपटॉपवर घेऊन कोऱ्या फ्लॉपीवर उतरवायचं ठरवलं.

आधी सगळ्या स्वच्छ केल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात जुनाट चिकटपट्टी होती, ती खरवडून डिंकही पुसला. आता लॅपटॉप म्हणतो, फ्लॉपी कोरी आहे, फॉरमॅट करू का? सतरा वेळा नाही म्हणालो आणि माउस कपाटात ठेवला. काय करू?

लोभ त्या डिंकाबरोबर पुसला जाऊ नये, ही विनंती.

आपला,
नौमान

पन्हाळा, ५ नोव्हेंबर

चि. नौमानला अनेक दुवा.

अरे शहाण्या, ती घाण न्हाय, ती माझी अक्कल हाय! मशीनला कमी साठ्याची फ्लॉपी लागायची, बाजारात मिळायची जास्त साठ्याची. कोपऱ्यातलं भोक दिसलं की साठा जास्त हे मशीनला कळतं, म्हणून भोकावर पट्टी लावून मी त्याला गंडवलं. तू आता लॅपटॉपला गंडव. भोकं बुजव की! मग आख्खी फ्लॉपी उचल, आतलं काही निवडू नको, नीटनेटकं तर मुळीच करू नको. हात शिवशिवले तर चहा पिऊन ये.

कुलसुममामीनं चटणी दिलीय, फ्लॉप्यांपासून लांब ठेव. माया हायच, डोकं वापर.

मामा

कोल्हापूर, ८ नोव्हेंबर

ती. मामांस सलाम. वि. वि.

सतराच्या सतरा वाचल्या! मी अशी उडी मारली की विजयसिंह मालक मला शॉक बसला समजून लाकडी दांडकं घेऊन धावले. नवी फ्लॉपी मशीननं पहिल्या झटक्यात घेतली. चार तासांत वेल या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मुस्कान तर नाचलीच.

पण वेल संपली तरी मशीन थांबेना. त्यानं लाल बदाम काढला आणि आत ‘दिलदार कुलसुम २००४’. मी आतलं काही निवडलं नव्हतं, तुमच्या हुकमाप्रमाणे. मामा, मामींच्या निकाहची ओढणी याच फ्लॉपीवरची का? नावं उसवू? कापड तलम आहे, भोकं पडतील. लवकर कळवा, जीव टांगणीला आहे.

लोभ बदामाएवढा तरी राहावा.

आपला,
नौमान

पन्हाळा, १० नोव्हेंबर

चि. नौमानला मामीची दुवा.

मामा कटिंगला गेले होते, पत्र मीच फोडलं. एकवीस वर्षं हा माणूस सांगतोय की माझी ओढणी त्यानं तीन महिने खपून हातानं भरली, सुया टोचून बोटांची चाळण झाली. प्रत्येक लग्नात मी ती बोटं पाहुण्यांना दाखवलीत! आणि चार तास? मी इतकी हसले की शेजारीण पाणी घेऊन आली.

एक टाका उसवू नकोस. खाली मुस्कानचं आणि नवरदेवाचं नाव भर. निकाहला मी माझी ओढणी घेऊन येते, शेजारी शेजारी धरू.

अशीच माया ठेव आणि जेवत जा.

तुझी मामी

ता. क. तुझ्या मामांना सुईदोरा देऊन बाहेरच्या सोप्यात बसवलंय. सकाळपासून वेलीचं एक पान झालंय. कारलं दिसतंय.