डबा रिकामा यायला हवा

मंगळवार, संध्याकाळ

आज शंभर डबे गेले. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेला आकडा एकदाचा गाठला, म्हणून पेढे आणले. माझ्या मदतीला येणारी सुनंदा तळोज्याच्या कारखान्यांतून परत आलेले डबे घासत होती. पेढा पुढे केला तर म्हणाली, "ताई, आधी ही बादली बघा." बादलीभर पोळ्या. तशाच घडीच्या, कडक झालेल्या.

शंभर गाठायचे म्हणून भाकरी मीच बंद केली ना? तांदळाची भाकरी थापायला वेळ लागतो, पोळ्या भराभर होतात. "आमच्या मानसांना भाकर लागते, पोळीनं पोट भरत नाय," असं सुनंदा तेव्हाच म्हणाली होती; ती आपटा गावची, कारखान्यांत तिच्याच भागातले कामगार. माझं लक्ष त्या लाल आकड्यावर.

आधी राग आला, स्वतःचाच. मग हलकं वाटलं. शंभर खोडलं आणि खाली लिहिलं, डबा रिकामा परत यावा. उद्यापासून साठच, भाकरीचे. चाळीस जणांना नाही म्हणावं लागेल. म्हणेन.

सुनंदाला वाचून दाखवलं. "मंग डबे घासाया येळ कमी लागंल," ती म्हणाली. बस, हेच माप. तिचं घासून जितकं लवकर होईल, तितका आपला धंदा वाढला.

मग तिनं पेढा घेतला.