सुरभीची पाणथरी

प्रिय गोपाल,

तुमच्या गावच्या धर्मपालच्या हाती तुझा निरोप पोचला. 'पोट फाडू देऊ नका, पोरीची जात हाय, वण राहीन.' धन्य आहेस बाबा! अरे, त्याच पोटावर डाव्या बरगडीखाली तापवलेल्या बिब्ब्याचे पाच डाग आहेत. ते कुणी घालायला सांगितले? तूच ना! नर्सबाई मलम लावते तेव्हा पोर किंचाळते, आणि नर्सबाई माझ्याकडे बघते. वीस वर्षं मी यवतमाळात रक्त तपासायचं काम करते, आणि माझ्याच भाचीचं हे असं. तोंड कुठे लपवू?

दहा वेळा सांगितलं, अकराव्यांदा लिहिते. पाणथरी म्हणजे पोटात वाढणारी बला नाही रे, डॉक्टर जिला प्लीहा म्हणतात ती, सगळ्यांनाच असते. रक्त तिच्यात एका मोठ्या नळीतून येतं, बारीक फाट्यांतून जाळीत सांडतं, आणि परत शिरेत जायला त्याला चिंचोळ्या फटींतून अंग चोरून निघावं लागतं. मऊ, ताज्या पेशी निघून जातात. म्हाताऱ्या अडकतात आणि तिथेच मोडल्या जातात. हे रोजचंच काम. पण सुरभीला सिकलसेल आहे. तिच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक, त्या फटींत रुतून बसतात. मागून येणारं रक्त मात्र थांबत नाही. तू कापूस संकलन केंद्रावर बघतोसच, काटा बंद पडला तरी कापसाच्या गाड्या येतच राहतात. तशी पाणथरी काही तासांत फुगते आणि बाकीचं अंग पांढरं पडतं. त्यावर वरून चटका देऊन काय होणार, कप्पाळ?

दिवाळीत मी गिरजाला पोट चाचपायला शिकवलं होतं. तुझ्या बायकोने बरोबर ओळखलं. बरगडीखाली पाणथरी रोज दोन बोटं लागायची, त्या दिवशी चार लागली. तिने केंद्रावर माणूस धाडला, तर तू म्हणे, तीन दिवसांपासून रांगेत आहो, गाडी सोडली तर नंबर जाते, तवरी बिब्बा लावा. काहून रे गोपाल? बैलांजवळ बसायला एक माणूस मिळाला नाही तुला? दुसऱ्या दिवशी गिरजा एकटी एसटीने पोरीला घेऊन आली, तेव्हा सुरभीचे ओठ कागदासारखे झाले होते. रक्त चढवलं म्हणून वाचली.

हे दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा वेळ मिळेलच असं नाही, म्हणून डॉक्टर पाणथरी काढायची म्हणतात. पाणथरी काढली की जंतूंशी लढायची ताकद कमी होते, म्हणून लसी टोचल्या आहेत. पुढे साधा ताप आला तरी घरी थांबायचं नाही, हे गिरजाने पाठ केलंय. पण सही करा म्हटलं की एकच, 'ते आल्याशिवाय नाही.' तुम्हा नवराबायकोपुढे मी डोकं फोडून घ्यायचं तेवढं राहिलंय.

आणि तिच्या माहेराला बोल लावणं बंद कर. हा आजार आईबाप दोघांकडून यावा लागतो. मी माझं रक्त तपासलं, माझ्यातही त्याचा अंश निघाला. आपल्या घरात तो कधीपासून आहे, तेही आज सांगते. आपल्या भावाचा, नंदूचा फोटो आहे ना भिंतीवर, तो तापाने गेला असं आई तुला सांगायची. तू पाळण्यात होतास. त्याचं पोट असंच डावीकडे फुगलं होतं. आईने बिब्बा तापवला आणि मला त्याचे पाय धरायला सांगितले. मी नऊ वर्षांची होते. तो 'ताई, सोड' म्हणत होता, मी सोडले नाहीत. दुपारपर्यंत पांढरा पडला, दिवेलागणीला गेला. आईला कुणी सांगितलं नव्हतं रे. तुला मी सांगितलंय.

सोमवारी ऑपरेशन आहे. गाडी रांगेत सोड, नंबर गेला तर जाऊ दे. पुसदहून पहिली एसटी धर, ये आणि सही कर. 'आत्या, बाबाचा कापूस मोजून झाला का वं?' असं सुरभी रोज विचारते. बाबा रविवारी येतील, असं मी तिला सांगून बसलेय.

तुझीच, चिडलेली,
सुहासिनीताई