बाबांना दोन बदाम शिकवताना

४ जानेवारी १९७५, शनिवार
नव्या वर्षाचा संकल्प : बाबांना ब्रिजच्या पत्त्यांत पुन्हा उभे करणे. आई गेल्यापासून चर्चच्या तळघरातल्या क्लबात तिच्या खुर्चीवर, बाबांची जोडीदार म्हणून, मी बसते. बाबांना माझी गरज आहे. म्हणूनच दोन सत्रांसाठी कोलंबसचे विद्यापीठ सोडून मी इथे टोलीडोला घरी राहिले. बाबा तसे कधी म्हणालेले नाहीत. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

मुख्य अडचण एका बोलीची. प्रतिस्पर्धी ‘एक बदाम’ म्हणाला की आपण ‘दोन बदाम’ म्हणायचे. जुन्या पद्धतीत याचा अर्थ, माझ्या हातात प्रचंड बळ आहे. आईबाबा आयुष्यभर तसेच खेळले. नव्या पद्धतीत अर्थ असा की हात बेताचाच, परंतु इस्पिकची पाच पाने आणि किलवर किंवा चौकटची पाच. जोडीदाराने त्यांतून निवड करावी. नवी पद्धत निःसंशय श्रेष्ठ आहे. न्याहारीच्या वेळी बाबांना समजावून सांगितली. ते “हं” म्हणाले. उत्तम ग्रहणशक्ती.

११ जानेवारी
मी ‘दोन बदाम’ म्हटले. प्रतिस्पर्धी जोडीतल्या मिसेस ग्रॉस यांनी बाबांना अर्थ विचारला. नियमच असा की बोली लावणाऱ्याने तोंड मिटून बसावे आणि अर्थ जोडीदाराने सांगावा. तोंड मिटण्यात मी तरबेज आहे. बाबा म्हणाले, तिच्याकडे फार मोठा हात आहे. आणि थेट ‘सहा इस्पिक’ बोलून मोकळे झाले. तेरांपैकी बारा हात करायचे होते. झाले सात. खेळ सुरू होताना नियमाप्रमाणे मी माझी पाने टेबलावर उघडी मांडली, तेव्हा ते त्या पानांकडे नुसते पाहत राहिले.

मिसेस ग्रॉस म्हणाल्या, “अगं नोरीन, एवढ्याशा पानांवर केवढा हा थाट! बापाला भिकेला लावशील.”

निष्कर्ष : पहिल्या आठवड्याच्या मानाने प्रगती समाधानकारक.

१२ जानेवारी
तीन रंगांत तक्ता तयार करून फ्रिजवर लावला. बाबांनी दूध काढताना तो वाचला. दूध परत ठेवतानाही वाचला.

१८ जानेवारी
पुन्हा तेच. तक्त्यातील अक्षर लहान असावे. मोठे करणे.

२५ जानेवारी
पुन्हा ‘दोन बदाम’. पुन्हा मिसेस ग्रॉस यांचा प्रश्न. बाबा म्हणाले, “मोठा हात. असा हात आला की एडना आधी चष्मा काढून ठेवायची.”

एडना म्हणजे आई. क्लब चालवणारे मिस्टर हॅलोरन माझ्याजवळ आले आणि, जा पोरी, जरा कॉफी घेऊन ये, असे हलक्या आवाजात म्हणाले. माझा कप भरलेलाच होता.

निष्कर्ष : बाबांची स्मरणशक्ती खालावत आहे. माझे घरी राहणे आता अपरिहार्य.

८ फेब्रुवारी
ताप. बाबा क्लबातल्या मिसेस टर्नक्विस्ट यांच्या जोडीने खेळायला गेले. बिचाऱ्या मिसेस टर्नक्विस्ट.

१० फेब्रुवारी
किराणा दुकानात मिस्टर हॅलोरन भेटले. शनिवारी बाबांची जोडी पहिली आली म्हणे. मिसेस टर्नक्विस्ट ‘दोन बदाम’ म्हणाल्या, तेव्हा बाबांनी नवा अर्थ शब्दशः सांगितला आणि निवडही अचूक केली. “तुझ्या बापाने कमाल केली की गं,” असे म्हणून ते माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहू लागले.

माझ्या अध्यापनाचे हे फळ. आता केवळ सातत्य हवे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
विद्यापीठाला फोन करून शिष्यवृत्ती आणि जागा दोन्ही सोडल्याचे कळवले. पलीकडच्या बाई, नक्की ना, असे पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. काही लोकांना ठाम निर्णयाची सवय नसते. बाबांना योग्य वेळी सांगेन. आनंद होईल.

१५ फेब्रुवारी
मी ‘दोन बदाम’ म्हटले. मिसेस ग्रॉस यांनी अर्थ विचारला. बाबांनी पाने पालथी ठेवली, कोट घेतला आणि ते बाहेर गेले.

मी मागोमाग गेले, तेव्हा ते गाडीत बसले होते. इंजिन बंद होते. म्हणाले, “अर्थ मला पहिल्याच सकाळी पाठ झाला होता, नोरी. पण त्या खुर्चीतून तुझ्या आवाजात ते शब्द आले, की एडनाच बोलते. मग तू पाने मांडतेस, आणि ती परत जाते. दर शनिवारी जाते.”

मी म्हटले, आपण दुसरी बोली शिकू.

“नको गं. मला तुझ्याबरोबर खेळायला लावू नकोस. तू आपली कॉलेजात परत जा.”

हे ते चिडून म्हणाले नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार
बाबांनी माळ्यावरून माझी सुटकेस काढून पुसली. कित्येक महिन्यांनी ते जेवताना आपणहून बोलले. सत्र केव्हा सुरू होते, विचारले. स्वतः गाडीने सोडायला येणार आहेत. चर्चमध्ये सर्वांना सांगूनही झाले आहे. मार्चअखेर, असे मी सांगितले.

लोकरीचे कपडे भरायला घेतले आहेत. मार्चअखेरपर्यंत कुठे जायचे तेही ठरेल.